हिरड्याचं कापड घ्या, गवती चहाचं राहू द्या

लालबागला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, सुती कापडावर झाडपाल्याची प्रक्रिया करून विकणारा एक गाळा आहे. हिरडा, डाळिंबाची साल, कडुनिंब, गवती चहा, हळद, केळीच्या खुंटाचा रस, असा सगळा मामला. कापड मीटरवर मिळतं, तागा मिळतो आणि शिवलेला मालही टांगलेला असतो: सनकोट, बनियन, झबली, चादरी, एप्रन. दारावर पाटी आहे, अंगाला निसर्गाचं कवच वगैरे. पाटीवर जाऊ नका. आत जे आहे त्यातलं अर्धं खरोखर चांगलं आहे आणि अर्धं नुसतं सुवासिक.

गाळ्याचं नाव देत नाहीये. दोन वस्तूंवरून माझं त्यांच्याशी वाजलं, ते पुढे येईलच. जे बोलायचं ते तोंडावर बोलून झालंय, आता चव्हाट्यावर नको. शिवाय असा माल हल्ली प्रदर्शनांतून सर्रास दिसतो, तेव्हा नावापेक्षा दुकानात काय विचारायचं ते कळलेलं बरं.

माझं परळला शिवणाचं छोटं युनिट आहे. एप्रन, दवाखान्याचे कोट, शाळांचे पिनाफोर, कधी कधी कॅटरिंगवाल्यांच्या टोप्या. लग्नाआधी मी डोंबिवली एमआयडीसीत एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड धुऊन रंगवून देणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये रंगाच्या शेड जुळवायचं काम करत होते. त्यामुळे कापडाला काय काय पाजलंय हे विचारल्याशिवाय माझी कात्री चालत नाही. शिवणाऱ्या बायका हसतात, पण ऑर्डर परत आली की नुकसान माझं होतं.

तर गाळ्यात शिरल्यावर पहिलं काम केलं ते पाण्याच्या थेंबाचं. टांगलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर बोट बुडवून एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर समजावं की कापडातली खळ आणि कापसाचं मेण नीट निघालेलं नाही, आणि मग वर काहीही लावा, पहिल्या दोन धुण्यांत निघून जाणार. इथे थेंब टेकला आणि लगेच पसरला. गाळा चालवणारी मुलगी टेक्स्टाइल शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही लाइनमधल्या दिसता." मग चहा आला, आणि मागच्या खोलीत जायची परवानगीही मिळाली.

मागे स्टीलची मोठी पातेली, गॅसच्या शेगड्या, काढा कापडात दाबून भिनवायचा, हाताने फिरवायचा पॅडिंगचा रोलर आणि दोरीवर सावलीत वाळणारी कापडं. हिरड्याच्या काढ्याचा वास तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको; माहीत नसेल तर वैद्याच्या दुकानात पावसाळ्यात शिरल्यासारखं वाटतं. काम मात्र स्वच्छ. प्रत्येक पातेल्यावर खडूने कापडाचं वजन आणि काढ्याचं माप लिहिलेलं होतं, कापडाच्या वजनाच्या इतके टक्के हिरडा, इतके टक्के तुरटी. वजन न करता "अंदाजाने" टाकणारे मी पुष्कळ बघितलेत. त्यांचे दोन तागे कधीच एकमेकांशी जुळत नाहीत.

इथे थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. लोकर, रेशीम ही प्रथिनं. त्यांना झाडाचा रंग लगेच धरतो. कापसाला धरत नाही. काढ्यात बुडवून काढला तर रंग वरवर बसतो आणि नळाखाली निघून जातो. म्हणून आधी टॅनिन, म्हणजे साली-फळांतला तुरट पदार्थ, द्यावं लागतं. हिरडा हा टॅनिनचा राजा. त्यानंतर तुरटी. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने धागा धरतं आणि दुसऱ्या हाताने टॅनिन, आणि मग डाळिंबाच्या सालीतलं जे काही आहे ते त्यावर बसतं. कच्छचे अजरखवाले, ठशांनी कापड छापणारे, तेसुद्धा कापड आधी हिरड्यातून काढतात, ते याचसाठी. त्यांना त्यातून लाल-काळा रंग हवा असतो. या गाळ्यातल्या लोकांना रंगाशी कमी आणि टॅनिनशी जास्त मतलब आहे, कारण टॅनिन अतिनील किरणं शोषून घेतं आणि जिवाणूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांची वाढ अडवतं. एकाच काढ्यात दोन कामं.

आता सनकोट. मला इथे सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. माझी धाकटी जाऊ पालिकेची आरोग्यसेविका आहे, गोवंडीच्या वस्त्यांतून भर दुपारी घरोघर फिरते. तिच्यासाठी घेतला. कापड ट्विल विणीचं, जरा जाडसर, रंग उसळीच्या पाण्यासारखा पिवळट तपकिरी. दिसायला काही खास नाही. जावेने पहिल्यांदा बघितला तेव्हा तोंड वाकडं केलं, म्हणाली, "वहिनी, हा काय न धुतलेला वाटतो." पण एप्रिलपासून तोच घालते आहे. मनगटाच्या वर तिला दरवर्षी जो काळा पट्टा पडायचा तो या वेळी फारसा नाही.

कोटाच्या लेबलवर यूपीएफ छापलेलं असतं. हे नेमकं काय, तर यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, कापडातून आत येतो. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा साधारण ५ ते ७ भरतो, म्हणजे बरंच ऊन आत येतं. पण गंमत अशी की या आकड्यात काढ्याचा वाटा असतो तसा विणीचाही असतो, आणि विणीचा पुष्कळदा मोठा. विरळ मलमलीला हिरडा-डाळिंब कितीही पाजा, दोन धाग्यांच्या मधल्या भोकाला कोण काय पाजणार? कापड उजेडाकडे धरा. आरपार दिव्याची ठिणगी दिसत असेल तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, उन्हासाठी ते घेऊ नका. या गाळ्यात तीच प्रक्रिया केलेला मलमलीचा स्टोलही "सन प्रोटेक्शन" म्हणून टांगलाय. गळ्याभोवती छान दिसेल. उन्हाचं विचाराल तर माझ्या मते साध्या पॉपलिनची घट्ट ओढणी बरी. आणखी एक, कापड भिजलं की हा आकडा खाली येतो. घामाने चिंब झालेला कोट आणि कोरडा कोट यांत फरक पडतो. म्हणून जावेला मी एक मापाने सैल दिलाय, अंगाला चिकटत नाही.

तपासणीचा रिपोर्ट मागितला. दाखवला, ही मोठी गोष्ट. घाटकोपरला एलबीएस मार्गावर बीटीआरए आहे, बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, कापडधंद्याची जुनी संशोधन संस्था. वरळीला सस्मिरा आहे. मुंबईत राहून कापड तपासून घ्यायची सोय नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण रिपोर्ट कोऱ्या कापडाचा होता. मी विचारलं, धुतल्यानंतरचा कुठाय? मुलगी जरा गप्प झाली, मग म्हणाली की सनकोटाच्या कापडाचा आहे, बाकीच्यांचा करायचाय. सनकोटाचा काढून दाखवला, वीस धुलाईनंतरचा, आणि आकडा फारसा उतरलेला नव्हता. हा एक कागद बघून मी त्यांच्या ट्विलबद्दल बिनधास्त झाले. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं आणि वीण अजून घट्ट होते, त्याचाही इथे फायदाच होतो.

बनियनकडे येऊ. दोन प्रकार आहेत, कडुनिंबाचं आणि हिरडा-डाळिंबाचं. दीर बेस्टमध्ये कंडक्टर. खाकीच्या आत दिवसभर जे होतं ते मुंबईकराला सांगायला नको. घामाला मुळात वास फारसा नसतो. कातडीवरचे जिवाणू घाम खातात आणि त्यातून वास येतो, आणि सुती कापड ओलावा धरून ठेवतं म्हणून त्यांची चंगळ होते. जिवाणू आवरले की वास आवरतो, एवढाच यातला हिशेब. दिराला दोन्ही बनियन दिले, काही न सांगता. धुवायला टाकताना माझी सासू नाकाने ओळखायची आणि बाजूला ठेवायची. तिच्या नाकाला मी बीटीआरएच्या खालोखाल मानते. सुरुवातीला कडुनिंबाचं बनियन पुढे होतं. महिनाभराने दोन्ही सारखी. मग कडुनिंबाचं साध्या बनियनसारखं झालं आणि हिरड्याचं तसंच राहिलं.

असं का होतं हे मागच्या खोलीत बघितल्यावर कळतं. कडुनिंबाचा अर्क तुरटी-टॅनिनसारखा आपणहून धाग्याला धरत नाही. तो बांधून ठेवायला काहीतरी लागतं. मोठ्या प्रोसेस हाउसमध्ये रेझिन, म्हणजे धाग्यावर पक्कं बसणारं रसायन, लावतात, त्यातल्या पुष्कळशा रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू सुटतो, आणि मग झाडपाल्याचा सोवळेपणा कुठे राहिला? दुसरा मार्ग सायट्रिक अॅसिडचा, लिंबात असतं तेच. पण ते लावून कापड १६० अंशांच्या आसपास भाजावं लागतं, तेही एकसारखं. स्टेंटर नावाचं लांबलचक मशीन असलं की हे होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात ते इस्त्रीने करायला गेलं की कुठे पिवळं पडतं, कुठे कच्चं राहतं. या मुलीने साधा बाइंडर, म्हणजे चिकटवणारा पदार्थ, लावलाय, कापड हाताला किंचित कडक लागतं, आणि धुण्यात बाइंडर सुटला की कडुनिंबही सुटतं. शिवाय कडुनिंबातलं जे नावाजलेलं अॅझाडिरॅक्टिन, ते उन्हात लवकर मोडतं. आपल्याकडे बनियन कुठे वाळतं? गॅलरीत, टळटळीत उन्हात. कडुनिंबाचं नाव मोठं, पाडव्याला आपण खातोही, पण या कापडापुरतं मी हिरड्याला मत देते. हिरड्याचं बनियन कडुनिंबाच्या बनियनपेक्षा स्वस्तही आहे, हे विशेष.

लेबलवर "९९ टक्के जिवाणू नष्ट" वाचलंत तर विचारा, कोणते, कोणत्या चाचणीत. एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३ असं काहीतरी नाव सांगता आलं पाहिजे, आणि बहुतेकदा दोन जिवाणू असतात, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय. इथे सांगता आलं. कडुनिंबाच्या बाबतीत धुतल्यानंतरचा आकडा सांगता आला नाही.

हळदीच्या झबल्यांबद्दल थोडक्यात. दिसतात फार गोड. बारशाला न्यायला झकास. पण हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे ज्या घरात माहीत आहे त्या घरात साबणाने काय होणार हे वेगळं सांगायला नको. कपड्याचा साबण अल्कधर्मी, झबलं नळाखाली लालसर होतं, खळबळून धुतल्यावर परत पिवळट, आणि चार दिवस उन्हात पडलं की फिकट. गाळ्याच्या भिंतीवर हळदीच्या पेटंटच्या लढाईचं एक कात्रण फ्रेम करून लावलंय. १९९७ साली, डॉ. माशेलकर प्रमुख असताना, सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने अमेरिकेतलं ते पेटंट रद्द करून घेतलं, अभिमानाची गोष्ट आहे, आणि माशेलकर आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले म्हणून मला अंमळ जास्तच. पण ते पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं. झबल्याचा आणि त्याचा काय संबंध, हे मी विचारलं तर मुलगीही हसली.

आता पहिलं भांडण. गवती चहाची चादर आणि बाळाचं दुपटं. पिशवी उघडताच वास इतका सुंदर की मन विरघळतं. लेबलवर लिहिलंय, डासांपासून आणि डेंग्यूपासून संरक्षण. डासांना काही सुगंधी तेलं आवडत नाहीत हे खरं आहे. पण तेल उडतं म्हणून तर वास येतो, आणि जे उडतं ते संपतं. ते टिकवायचा एक मार्ग म्हणजे तेल डिंकासारख्या कवचात बंद करून त्याच्या बारीक कुप्या कापडावर बसवायच्या. कापड घासलं की कुप्या थोड्या थोड्या फुटतात. इथे तसं केलंय असं मला सांगण्यात आलं. असेलही. माझ्याकडची चादर दोन-तीनदा धुतल्यावर नाक लावून हुंगली तरी काही येत नव्हतं, आणि आमच्या खोलीतले डास तिच्यावर निवांत बसत होते.

चादरीचा वास गेला तर गेला, पैसे गेले म्हणून सोडून देऊ. पण "डेंग्यू" हा शब्द कशाला? डेंग्यूचा डास दिवसा चावतो, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, फुलदाणीत, पिंपात, एसीच्या ट्रेमध्ये. पावसाळ्यात परळच्या कुठल्याही इस्पितळाच्या वॉर्डात जाऊन बघा. एखादी आई या दुपट्याच्या भरवशावर दुपारी बाळाला मच्छरदाणीशिवाय झोपवेल. मी तसं स्पष्ट बोलले. उत्तर आलं, "काकू, मार्केटिंगवाल्याने लिहिलंय." मी म्हटलं, मग मार्केटिंगवाल्याच्या नातवाला झोपवा. शिवाय या तेलातलं सिट्रल काहींच्या कातडीला चरचरतं, पुरळ उठतो. मोठ्या माणसाच्या कोटाला ठीक, तान्ह्या बाळाच्या गालाखाली मला नको. सैनिकांच्या गणवेशांना डासांविरुद्ध जे लावतात ते पर्मेथ्रिन. त्याची मूळ प्रेरणाही शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची, पण पदार्थ कारखान्यात बनवलेला, मोजून लावलेला आणि धुण्यांना टिकेल असा तपासलेला. झाडापासून सुरुवात केली म्हणजे काम झालं असं नसतं.

दुसरं भांडण एप्रनचं, आणि ते माझ्या धंद्याचं. मला लालबागच्याच एका बचतगटाची ऑर्डर होती, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, मोठ्या भट्टीवर काम. त्यांना पेट न घेणारे एप्रन हवे होते. गाळ्यात केळीच्या खुंटाच्या रसाचा एप्रन होता, खाकी रंगाचा, "फायरप्रूफ" लिहिलेला.

कल्पना थापेची नाही, हे आधी सांगते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. साधं सुती कापड १८ टक्क्यांतही जळत राहतं, म्हणून पदर पेटला की थांबत नाही, बघता बघता वर चढतो. माटुंग्याला अडेनवाला रोडवर सिरकॉट आहे, १९२४ साली सुरू झालेली कापसाची सरकारी प्रयोगशाळा. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी टॅनिन आणि तुरटी दिलेल्या सुती कापडाला केळीच्या खुंटाचा रस अल्कधर्मी करून लावला आणि तो १८ चा आकडा ३० पर्यंत नेला. एवढा आकडा असला की कापड नेहमीच्या हवेत भडकत नाही, काळं पडून निखाऱ्यासारखं हळूहळू सरकतं. रसात फॉस्फेट, सिलिकेट, क्लोराइड असे क्षार असतात, त्यांचं हे काम. घड काढल्यावर जळगावपासून वसईपर्यंत जो खुंट शेतात पडून कुजतो, त्याचा उपयोग. आणि रंग आपोआप खाकी होतो. मला ही गोष्ट मनापासून आवडते.

पण क्षार म्हटले की पाणी आलं. मी एप्रनच्या शिलाईतून उरलेली पट्टी मागून घेतली, अर्धी कोरी ठेवली, अर्धी नेहमीच्या पावडरीने धुतली. मोरीत, बाजूला पाण्याची बादली ठेवून, पकडीत धरून काडी लावली. कोरी पट्टी कडेने काळी झाली, ज्योत धरली नाही. धुतलेली पट्टी साध्या मांजरपाटासारखी पेटली. पोळीभाजीच्या केंद्रातला एप्रन रोज धुवावा लागतो, तेल, पीठ, हळद. रोज धुणं आणि न पेटणं या दोन गोष्टी या एप्रनात एकत्र नांदत नाहीत. मी दोन्ही जळके तुकडे नेऊन टेबलावर ठेवले. मुलीचा नवरा म्हणाला की आम्ही ड्रायक्लीन सांगतो. रोजच्या एप्रनला ड्रायक्लीन! लेबलवरून "फायरप्रूफ" काढा, हे मी तीनदा बोलले असेन. आता "धुतल्यावर परिणाम कमी होतो" असा एक बारीक शिक्का मारलेला दिसतो. अक्षर इतकं बारीक की माझ्या चष्म्यालाही जड. ज्या पडद्याला वर्षातून एकदा पाणी लागतं, किंवा मंडपातल्या कापडाला, तिथे याचा विचार करता येईल. भट्टीसमोरच्या बाईला मी हा एप्रन देणार नाही, दिलाही नाही. त्यांना जाड ड्रिलचे साधे एप्रन शिवून दिले, नाड्या मागे न बांधता वेल्क्रोच्या, पेटलं तर एका ओढीत निघतील असे.

पर्यावरणाचं म्हणाल तर त्याही बाबतीत इथे निम्मं खरं, निम्मं सजावट. चांगली बाजू अशी की डाळिंबाच्या साली ते परळ-दादरच्या ज्यूस सेंटरवाल्यांकडून घेतात; एरवी त्या पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत जातात. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला. तिथली आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात, चार पैसे तिकडे जातात. डोंबिवलीत काम केलेल्या माणसाला सांडपाण्याबद्दल व्याख्यान द्यायला नको. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला रस्ता गुलाबी झाला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितला. आमच्या वेळी नाल्याचा रंग बघून आम्ही त्या दिवशी कुठला शेड चाललाय ते सांगायचो.

पण झाडाचं आहे म्हणून पाणी लागत नाही असं नाही. हिरड्याची एक धुलाई, तुरटीनंतर एक, डाळिंबानंतर एक. एक किलो कापडाला वीस लिटरचा काढा धरा, वर धुण्याचं पाणी वेगळं, उकळायला गॅस वेगळा. तपकिरी पाणी गटारातच जातं. गाळ्यात तुरटीचा काढा दुसऱ्या ताग्याला परत वापरतात, हे पाहिलं, बरं वाटलं. मी मुद्दाम विचारलं, मोरचूद वापरता का? मोरचुदाने रंग छान हिरवट येतो आणि जिवाणूही जोरात मरतात, रिपोर्ट झकास दिसतो. पण तो तांब्याचा गुण, झाडाचा नव्हे, आणि तांबं गटारात गेलेलं चांगलं नाही. नाही म्हणाली. करड्या छटेसाठी थोडा हिराकस, लोखंडाचा क्षार, वापरतात, तो मान्य केला. हिराकस जास्त झाला तर कापड कालांतराने कमजोर होतं, ओढलं की फाटतं. करड्या ताग्याचा कोपरा मी दोन्ही हातांनी ताणून बघितला, ठीक होता.

हिराकसावरून घरी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी लेबलवर कुठेच नाही आणि असायला हवी. हे टॅनिनचं कापड गंजक्या तारेवर वाळत घालू नका. टॅनिनला लोखंड भेटलं की काळी शाई तयार होते, जुन्या काळी शाई अशीच करायचे. चाळीच्या गॅलरीतली तार, गंजलेल्या स्प्रिंगचे चिमटे, इस्त्रीतून गळणारं गंजाचं पाणी, सगळ्याचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. जावेच्या कोटावर खांद्याला असे दोन आहेत. टाचण्याही शिवताना स्टीलच्या चांगल्या वापरा, दमट हवेत रात्रभर टोचून ठेवू नका. धुताना सौम्य साबण, सोडा नाही, ब्लीच तर मुळीच नाही. लिंबू किंवा कोकमाचं सरबत सांडलं तर लगेच पाणी मारा, नाहीतर तिथे फिका डाग राहतो.

शिवणाऱ्यांसाठी: कापताना आधी भिजवून घ्या, आटतं. एका ऑर्डरचं कापड एकाच ताग्यातून घ्या, कारण वजनमाप केलं तरी डाळिंबाची साल प्रत्येक वेळी तीच नसते आणि दोन ताग्यांच्या बाह्या शेजारी आल्या की फरक दिसतो. गिऱ्हाईकाला तो फरक "नैसर्गिक" वाटत नाही, चूक वाटते. हिरडा-डाळिंबाच्या ट्विलला सुई नेहमीचीच चालते. बाइंडरवाल्या कडुनिंबाच्या कापडाला सुई चिकटते आणि टाका सुटतो, त्यासाठी वेगळे शिलाईचे पैसे मागा.

भाव. ट्विल ३८० रुपये मीटर, पन्हा ४४ इंच. दादरला हिंदमाताला साधं ट्विल याच्या निम्म्यात मिळतं. शिवलेला सनकोट १,४५० ला, तो मला महाग वाटला, कारण शिलाई साधीच आहे आणि खिसे उथळ. जावेचा मोबाइल दोनदा पडला. कापड घेऊन शिवून घ्या. बनियनचे २६० योग्य. चादर १,९०० ची, तिच्यावर बोलून झालंय.

सध्या माझी एका नर्सिंग होमच्या कोटांची बोलणी चालली आहेत. ओपीडीतल्या मावश्या आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी हिरडा-डाळिंबाचं ट्विल सुचवलंय, ऑपरेशन थिएटरसाठी नाही. तिथे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचे कपडे असतात, त्यात हा रंग किती टिकेल हे तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही. गाळ्याला सांगितलंय की ताग्याबरोबर त्याच ताग्याचा, धुतल्यानंतरचा रिपोर्ट द्या, तपासणीची फी आपण अर्धी अर्धी वाटून घेऊ. मुलगी तयार आहे, नवरा विचार करतोय. जायचं असेल तर फोन करून जा. पावसाळ्यात कापड सावलीत चार-चार दिवस वाळत नाही, तेव्हा दिलेल्या तारखेत आठवडा मिळवून धरा. इस्टेटची लिफ्ट दुपारी बंद असते आणि जिना अंधारा आहे.